खैरुन्निसाभाभीची एकोणीस लुगडी

आमच्या गावात कागद घेऊन आलेल्या माणसाला खरा आकडा सांगायचा नाही, ही रीत कुणी घातली ते ठाऊक नाही, पण एकादशीपेक्षा ती कडक पाळली जायची. पेशवाईतला कारकून जमीन मोजायला आला तेव्हा म्हणे गावानं त्याला नुसता ओढा दाखवला आणि सांगितलं, हीच आमची शेती, पावसाळ्यात मासे पिकतात. ते काही मी पाहिलं नाही. लढाईच्या काळात धान्याची लेव्ही आली, ते मात्र पाहिलं. मामलेदार घराघरातून बाजरी हुडकत होते आणि गावात एकाच दिवशी अकरा पाळणे हलत होते. जन्माच्या नोंदवहीत त्या वर्षी पोर एकच. मामलेदारांनी माझ्याच घरातल्या पाळण्याशी वाकून विचारलं, "बाळ इतकं गप्प कसं?" माझी बायको अंबू म्हणाली, "बापावर गेलंय साहेब. खातंय आणि पडून राहतंय." त्या बाळाचं वजन दीड मण होतं आणि तोंड सुतळीनं शिवलेलं होतं.

पाळण्यांची युक्ती माझी होती. तेव्हापासून कागदवाला आला की लोक आधी माझ्या तोंडाकडं बघायचे. मलाही ते बघणं गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

सन सत्तावन्नच्या हिवाळ्यात चिंचवड स्टेशनावर पागे नावाचे एक गृहस्थ उतरले. माझी बैलगाडी स्टेशनाशी उभी असे, विटा, ऊस, पाहुणे, जे मिळेल ते मी वाहत असे. पागे पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतून आले होते. अंगानं इतके बारीक, की बैलांना गाडी रिकामीच वाटली असावी, ते निघेनात. हातात भर थंडीत छत्री आणि खांद्याला कार्डांनी भरलेली पिशवी. पवनेकाठच्या चार गावांत त्यांना घरोघर फिरायचं होतं. वरची तीन गावं आधी, मग सगळ्यात खालचं आमचं. पंधरा दिवस माझी गाडी ठरवली.

वाटेत मी त्यांना पवनेतल्या माशाची गोष्ट सांगितली, जो एका कुंभाराचं गाढव गिळून वर दोन मडकी परत टाकून गेला होता. ते पोट धरून हसले. मग मी हळूच विचारलं, "साहेब, हे कार्डांचं कशासाठी म्हणायचं?"

"पाहणी आहे. लोक नदी कशाला वापरतात, किती वापरतात."

"आणि मग?"

"ते मला सांगता येत नाही, मालोजीराव. कारण सांगितलं की उत्तरं वाकतात."

मी बैलांच्या शेपट्यांकडं बघत विचार केला. सायकलीवर पट्टी होती. माझ्या गाडीच्या चाकांवर पट्टी होती. घरावर होती. उरली होती नदी. जो माणूस नदी किती वापरता हे विचारतो आणि का विचारतो ते सांगत नाही, तो पाणीपट्टी बसवायला आला आहे, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? वरच्या गावांतले लोक भडाभडा सगळं सांगत होते, आमची एवढी म्हसरं नदीवर जातात, एवढी वांगी पिकतात, कारखान्याच्या घाणीनं एवढी जळाली. मला त्यांची दया येत होती.

ती घाण म्हणजे सोड्याच्या कारखान्याची. पिंपरीच्या बाजूला तेव्हा दर सहा महिन्यांनी एक धुराडं उगवत होतं, त्यातलं हे एक. त्याचं पांढरं फेसाळ पाणी ओढ्यानं वरच्या गावाशी नदीत उतरायचं. आमच्यापर्यंत येता येता ते विरळ व्हायचं. आमच्या गावात त्याचा खरा जाच एकाच घराला होता, खैरुन्निसाभाभीला.

भाभी म्हणजे माझा दोस्त इकबाल रंगरेज, त्याची बायको. इकबाल तापानं गेला, त्याला चार वर्षं झाली होती. नवऱ्यामागं तिनं भट्टी विझू दिली नाही. आसपासच्या दहा गावांत लगीन ठरलं की नवरीचं हळदीचं लुगडं रंगवायला भाभीकडंच यायचं. रंग भट्टीवर चढायचा, पण बसायचा नदीच्या वाहत्या पाण्यात. विहिरीचं पाणी जड, त्यात डाग पडायचे. गावाच्या वरच्या अंगाला तिचा एक सपाट काळा खडक होता, त्यावर ती लुगडी बुचकळायची. कारखाना आल्यापासून थंडीत नदी आटली की पंचाईत. हळदीला सोडा लागला की ती तांबडी होते, हे तुम्हाला स्वयंपाकघरात दिसलं असेल. पिवळंधमक लुगडं पाण्यात घालावं आणि वर काढावं तर विटकरी. नवरीची आई ते बघून रडायची, आणि भाभी पैसे परत द्यायची.

पागे आमच्या गावात यायच्या आदल्या दिवशी मी चावडीत सगळ्यांना गोळा केलं. पोलीस पाटील हिंदुराव मधोमध बसला होता. मी एवढंच म्हणालो, "पाळणा हलवायचाय."

सगळे समजले. हिंदुराव म्हणाला, "म्हंजी कसं बोलायचं?"

"नदी हाय व्हय? असंल बाबा. आमी तिकडं जात न्हाई. पाणी विहिरीचं, म्हसरं विहिरीवर, धुणं विहिरीवर."

भाभी दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, पण मी तर जाते. सगळं गाव बघतंय मला."

"भाभी, तुमचा तर धंदा. हो म्हणालात तर पट्टी दुप्पट बसंल."

"बसू दे की मग. खोटं मला सांगता येत न्हाई."

"येत न्हाई म्हणून काय झालं? माझ्या तोंडाकडं बघायचं आणि न्हाई म्हणायचं. दोन अक्षरं तर हायत."

लोक हसले. भाभी हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती पाग्यांसमोर बसली तेव्हा मी त्यांच्या पाठीशी उभा होतो. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. ते तिनं पदराखाली घेतले, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई. मी नदीवर जात न्हाई." पाग्यांनी मान खाली घालून कार्डावर लिहिलं. हिंदुरावनं शेवटी सगळ्या कार्डांवर सही ठोकली. संध्याकाळी अंबू म्हणाली, "त्या बाईला कशाला बोलायला लावलं? तिचं तोंड बघितलं का?" मी म्हणालो, पट्टी वाचली ते बघ. आणि गाढवाच्या माशाची गोष्ट चावडीत पुन्हा सांगितली, यावेळी त्यानं कुंभारही गिळला.

शिमगा झाल्यावर नदीकाठानं चुन्याच्या रेघा पडल्या. मग खुंट्या आल्या, मग ओव्हरसियर आला आणि खोदकामाला माणसं मागू लागला. दिवसाला दीड रुपया. गावात कुणी एवढी मजुरी पाहिली नव्हती. पंचवीस-तीस माणसं लागली. मी दगड वाहायला गाडी जुंपली आणि चौथ्या दिवशी ओव्हरसियरला सहज विचारलं, "हे काय जाणार यातून?"

"सोड्याच्या कारखान्याचं पाणी. बंद नळातून. वरच्या तीन गावांना आता त्रास नाही."

"आणि उघडणार कुठं?"

त्यानं पायानं खुंटी दाखवली. ती भाभीच्या खडकाच्या वरच्या बाजूला दहा पावलांवर होती.

मी म्हणालो, "इथंच का?"

"इथं नदी कुणी वापरतच नाही. अहवालात आहे."

आयुष्यात माझ्या थापेला कुणी छापून नकाशावर काढेल, असं मला वाटलं नव्हतं. मी गाडी सोडली, बैल तिथंच चरायला ठेवले आणि पायी चिंचवड गाठलं. पागे अजून स्टेशनामागच्या खाणावळीतच राहत होते. पोहे खात होते. मी दारातच सगळं सांगून टाकलं. पाळण्यांपासून सांगितलं.

त्यांनी बशी बाजूला ठेवली. मग पिशवीतून एक मोठा तक्ता काढून खाटेवर पसरला.

"कारखान्यानं सोडा विकला की त्याची किंमत त्यांच्या वहीत येते," ते म्हणाले. "तुमच्या भाभींचं बिघडलेलं लुगडं कुणाच्याच वहीत येत नाही. वांगी जळाली ती येत नाहीत. म्हणून म्हटलं, ते सगळं एकदा रुपयांत मांडू, म्हणजे सरकार कारखान्याला नळ घालायला लावेल. आणि नळ कुठं सोडायचा? जिथं नुकसान सगळ्यात कमी, तिथं. हा वरच्या गावांचा आकडा. दहा वर्षांचे एकतीस हजार. आणि ही तुमच्या गावाची ओळ."

त्या ओळीत शून्यं होती. बेचाळीस घरं, बेचाळीस शून्यं. मला लिहितावाचता जेमतेम येतं, पण तेवढं वाचता आलं.

"साहेब, कारण सांगितलं असतंत तर मी गावाला खरं बोलायला लावलं असतं."

"खरं?" ते म्हणाले. "कारण सांगितलं असतं तर तुम्ही बेचाळीस हजार सांगितले असते, मालोजीराव."

सांगितलेच असते.

"चूक माझीही आहे," पागे म्हणाले. "त्या बाईंचे हात मी पाहिले होते. कार्डात हातांसाठी रकाना नव्हता, म्हणून जे बोलल्या ते लिहिलं."

ते असं म्हणाले, ते माझं ओझं हलकं करायला. पण उलट झालं. त्यांना नुसते हात दिसले होते. ती माझ्याकडं बघून बोलली, हे मला दिसलं होतं.

त्यांनी एक वाट सांगितली. नळ गावाच्या खाली पाऊण मैल नेला तर बावीस हजार जादा खर्च. मंगळवारी ते पुन्हा येतील. घरागणिक फिरून विचारतील. नुकसान बावीस हजारांच्या जवळपास भरलं तर वर लिहितील. "पण मला खरे आकडे पाहिजेत," असं त्यांनी दोनदा म्हटलं.

खरे सांगितले असते तर भरले असते. मी येतानाच बोटांवर मोजत आलो. चाळीस म्हसरं, सात मळे, परटाचं घर, भोयांची दोन घरं. नळ उघडला की सगळ्यांचंच जाणार होतं. मी हिंदुरावकडं गेलो. तो खोदकामाचा मुकादम झाला होता, डोक्याला नवा पटका.

"मंगळवारी खरं सांगायचं," मी म्हणालो.

"कुणी?"

"आपण सगळ्यांनी."

"आणि खोदकाम थांबलं म्हंजी?" हिंदुराव तंबाखू चोळत म्हणाला. "तीस माणसं रोज दीड रुपया घेत्यात. तू देतोस? पाणी घाण होईल ते होईल तवा बघू. आज चूल पेटतीया ना? आणि माझी सही हाय त्या कार्डांवर. मी खोटी सही केली म्हणून सांगू? मालोजीराव, पाळणा तूच हलवला. आता बाळ झोपलंय तर उठवू नको."

घरोघर हेच झालं. कुणी माझ्यावर रागावलं नाही, हे जास्त लागलं. पाठीवर थाप मारून म्हणायचे, राव, तुझ्या एका थापेनं गावाला उन्हाळाभर काम लावलं.

सोमवारी मी भाभीकडं गेलो. ती भट्टीतली राख काढत होती. मी उभ्यानंच सांगितलं. खुंटी कुठं ठोकली, का ठोकली, कुणामुळं ठोकली. तिनं राखेचं घमेलं बाजूला ठेवलं.

"म्हंजी मी न्हाई म्हणाले म्हणून?"

"मी म्हणायला लावलं म्हणून."

"जीभ माझी होती," ती म्हणाली.

मग मी पुढची अक्कल चालवली. म्हणालो, "भाभी, गाव काही बोलणार न्हाई. तुमी एकट्याच. तवा उद्या आकडा मोठा सांगा. साहेब तपासणार कसा? कारखाना आल्यापासून लुगडी किती बिघडली म्हणून इचारतील. दोनशे सांगा. रेशमी सांगा. पैठण्या सांगा. मी साक्ष देतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. इकबाल गेला तेव्हाही तिनं माझ्याकडं असं पाहिलं नव्हतं.

"मागं तुमी म्हणाला शून्य सांग. आता म्हणता दोनशे सांग. खरं कधी सांगायचं, भाऊ, ते एकदा सांगून ठेवा."

मंगळवारी पागे आले. बेचाळीस घरं फिरले. चाळीस घरांनी मागचंच उत्तर दिलं, काही जण तर खोदकामावरून घाम पुसत येऊन सांगून गेले की नदी कशी असते ते त्यांना ठाऊक नाही. एकेचाळिसावं घर माझं. मी माझे दोन बैल नदीवर पाणी पितात ते लिहायला लावलं. पागे म्हणाले, "नक्की दोनच?" मी म्हणालो, दोनच. अंबू चुलीशी बसली होती, ती माझ्याकडं वळून बघायला लागली.

मग भाभीचं घर. यावेळी तिनं हात पदराखाली घेतले नाहीत, मांडीवर ठेवले. पाग्यांनी विचारलं, तिनं सांगितलं. किती वर्षं धंदा, किती लुगडी, रंगाला काय लागतं, नदीवर किती वेळ. सगळं सांगितलं. बिघडलेली लुगडी तिनं ज्यांची त्यांच्या नावानं मोजली, तळेगाव दाभाड्याची दोन, आकुर्डीची तीन, मारुंजीचं एक. पागे लिहीत गेले आणि बेरीज करून म्हणाले, "एकवीस."

भाभी थांबली. "एकोणीस लिवा."

"तुम्ही एकवीस सांगितलीत."

"त्यातली दोन माझ्या हातनं बिघडली. भट्टीवर जास्त येळ राह्यली. पाण्याचा दोष न्हाई त्यात."

मी दाराशी होतो. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, एवढी दोन तरी नदीच्या नावावर टाक, नदी काय नाकारायला येते आहे. पाग्यांचा टाक कागदावर तसाच थांबला होता. ते माझ्याकडं बघत नव्हते, तिच्याकडंही नाही. मग त्यांनी एकवीस खोडून एकोणीस केलं.

एकोणीस लुगडी, दोन बैल. नळ उघडल्यावर धंदा पुरता बुडाला असं धरून त्यांनी दहा वर्षांचा हिशेब तिथंच केला. हजार रुपयांच्या आसपास गेला. बावीस हजारांच्या पुढं त्याला कोण विचारतं? ते उठताना म्हणाले, "मी तरी लिहितो वर. आणि बाई, पुढच्या वर्षी मी पुन्हा येईन. नळ उघडल्यावर तुम्हाला खर्च काय पडतो ते विचारायला. तेव्हा वेगळी पाहणी आहे."

जूनच्या आत नळ उघडला. पहिल्या दिवशी पोरं टाळ्या वाजवत बघायला गेली. भाभीच्या खडकावर कंबरभर फेस चढला. मजुरीचे पैसे दोन महिन्यांत संपले, आणि मग लोकांना नदी आठवायला लागली. म्हसरं रोडावली, भोई गाव सोडून गेले, परटानं विहिरीवर भांडणं केली. कुणी मला बोललं नाही. थापाड्याला कोण धरून बसतं?

भाभीनं धंदा सोडला नाही. नळाच्या वरचा काठ सगळा गाळाचा, लुगडी बुचकळायला सपाट खडक कुठं नाही, म्हणून थेट कारखान्याच्या वर, आमच्या गावापासून साडेतीन मैलांवर, तिनं नवी जागा बघितली. दर गुरुवारी ओली लुगडी तिथवर न्यायची. डोक्यावरनं शक्य नव्हतं. मी पहिल्याच गुरुवारी गाडी तिच्या दाराशी आणली. घमेली चढवली, नेलं, आणलं. उतरताना तिनं पदराची गाठ सोडली आणि चार आणे पुढं केले.

"भाभी, हे काय?"

"भाडं."

"मी भाडं घेईन? तुमच्याकडनं? माझ्यामुळं तर ही येळ आली."

"ते राहू द्या. पागे साहेब पुढच्या साली येणार, खर्च काय पडतो म्हणून इचारणार. तुमी फुकट नेलं तर मी काय सांगू? काय पडत न्हाई म्हणून? पुन्हा शून्यच लिवतील."

मी घेतले. दुसऱ्या गुरुवारी मी ते चार आणे गुपचूप तिच्या घमेल्यात टाकले. तिसऱ्या गुरुवारी तिनं आठ आणे दिले. म्हणाली, "मागचे तुमचे पडले होते." त्यानंतर मी तो चावटपणा केला नाही. घरी आलो की अंबू हात पुढं करायची नाही, ते पैसे मी कोनाड्यात ठेवायचो आणि त्यातनं बैलांना पेंड आणायचो, तेवढंच जमायचं.

पुढचं वर्ष आलं. पागे आले नाहीत. मी खाणावळीत विचारलं, खाणावळवाला म्हणाला त्यांची बदली झाली, कुठं ते ठाऊक नाही. हे मी भाभीला सांगितलं. म्हटलं, आता तरी भाडं बंद करा, विचारायला कोणी येणार नाही.

"ते न्हाई आले तर दुसरा कोणी यील," ती म्हणाली.

त्या गुरुवारी गाडीत एकच लुगडं होतं. लग्नसराई संपली होती, आणि पुण्याहून तयार पिवळी लुगडी दुकानात यायला लागली होती. एका लुगड्याचे तिला रंग वजा जाता बारा आणे सुटत. मी वाटभर एक गोष्ट रचत होतो, आज बैल आजारी आहे, भाडं निम्मंच घेणार, असं काहीतरी. तिच्या दाराशी गाडी थांबली. तिनं लुगडं खाली घेतलं, झटकून बघितलं, रंग नीट बसला होता. मग गाठ सोडली.

बैल आजारी नव्हता. मी चार आणे घेतले.